नाव बँडचं, मालकी कोणाची?

५ मार्च २०२३ रोजी गिटारिस्ट गॅरी रॉसिंग्टन यांचं निधन झालं आणि लेनर्ड स्किनर्ड या अमेरिकन बँडमध्ये सुरुवातीपासून असलेलं शेवटचं माणूस गेलं. बँड मात्र थांबला नाही. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात झीझी टॉपबरोबर ठरलेला दौरा झाला, तिकिटं खपली, ‘फ्री बर्ड’ वाजलं. चाहत्यांमध्ये मग नेहमीचे दोन तट पडले. एक म्हणाला, मंचावर मूळचं एकही माणूस नाही, मग याला लेनर्ड स्किनर्ड कशाला म्हणायचं? दुसरा म्हणाला, गाणी तीच आहेत, वाजवणारे तयारीचे आहेत, तुम्हाला आणखी काय हवंय?

साठ-सत्तरच्या दशकांत उभे राहिलेले बँड आता अशा वयात आहेत की दर काही महिन्यांनी हा वाद नव्याने पेटतो. कोणी जातं, कोणी निवृत्त होतं, कोणी चाळीस वर्षांच्या जुन्या भांडणावरून पुन्हा कोर्टाची पायरी चढतं. वरवर हा वाद निष्ठेचा आणि आठवणींचा वाटतो. पण मागे जाऊन पाहिलं तर ‘खरा बँड कोणता’ याचा निकाल चाहत्यांनी फारसा कधी लावलेलाच नाही. तो करारनाम्यांनी लावला, न्यायाधीशांनी लावला आणि अलीकडे तर थेट खरेदीखतांनी लावला. आज आपण ज्याला या मंडळींचा वारसा म्हणतो, त्याचा बराचसा आकार या कागदांमुळे ठरला आहे.

मराठी वाचकाला यातलं मूळ दुखणं अगदीच अनोळखी नाही. १९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे किर्लोस्कर नाटक मंडळीतून बाहेर पडले, तेव्हा मंडळींचं नाव मागे राहिलं आणि प्रेक्षक गंधर्वांबरोबर गेला. तिथे गायकाचं नाव मंडळींच्या नावाहून मोठं ठरलं. रॉकमध्ये बहुतेकदा उलटं घडतं. रॉजर वॉटर्स हे नाव ज्यांना ठाऊक नाही त्यांनाही पिंक फ्लॉइड ठाऊक असतो. प्रमोटर मैदान भाड्याने घेतो ते नावाच्या भरवशावर, आणि रेकॉर्ड कंपनी आगाऊ रक्कम देते तीही नावावरच. पण गॅरेजमध्ये बसून नाव ठरवणाऱ्या अठरा-वीस वर्षांच्या पोरांपैकी कोणालाही, उद्या आपल्यातला एक बाहेर पडला तर हे नाव कोणाकडे राहील, असा प्रश्न पडलेला नसतो. तो पडतो पैसे यायला लागल्यावर, आणि तोवर मॅनेजरने स्वतःच्या सोयीचा कागद करून घेतलेला असतो.

लेड झेपलिन हे नावसुद्धा अशाच अडचणीतून आलं. १९६८ मध्ये यार्डबर्ड्स हा इंग्लिश बँड फुटला, पण स्कँडिनेव्हियातले काही कार्यक्रम आधीच स्वीकारलेले होते. जिमी पेजने नवे तीन साथीदार जमवले आणि ‘न्यू यार्डबर्ड्स’ या नावाने ते कार्यक्रम पार पाडले. जुन्या बँडमधला क्रिस ड्रेया याने मग वकिलामार्फत कळवलं की नाव वापरायची मुभा त्या दौऱ्यापुरतीच होती. दुसरं नाव शोधणं भाग पडलं. नोटीस आली नसती तर रॉकमधलं सगळ्यात वजनदार नाव कदाचित जन्मालाच आलं नसतं.

या सगळ्या इतिहासातलं सर्वांत अजब प्रकरण मात्र फ्लीटवुड मॅकचं. १९६७ मध्ये लंडनमध्ये हा बँड काढला पीटर ग्रीन या गिटारिस्टने. त्या काळात तो ब्लूजमधला मोठा वादक मानला जायचा, त्यामुळे नाव त्याचं असतं तर कोणी हरकत घेतली नसती. पण त्याने नाव दिलं ते ड्रमर मिक फ्लीटवुड आणि बेसिस्ट जॉन मॅकव्ही यांचं. मॅकव्ही तर तेव्हा बँडमध्ये आलाही नव्हता. नाव ऐकून तरी येईल, असा हिशेब होता. ग्रीनने पुढे सांगितलं की आपण कधी ना कधी निघून जाणार हे त्याला ठाऊक होतं, आणि आपल्या मागे या दोघांच्या हाती काही तरी राहावं अशी त्याची इच्छा होती. १९७० मध्ये तो खरंच गेला. पाठोपाठ दुसरा गिटारिस्ट जेरेमी स्पेन्सर लॉस एंजेलिसमध्ये दौरा चालू असताना हॉटेलातून बाहेर पडला तो एका धार्मिक पंथात सामील झाल्याचंच कळलं. तिसऱ्याला १९७२ मध्ये काढून टाकावं लागलं.

१९७३ च्या शरद ऋतूत अमेरिकेचा दौरा चालू असताना आणखी एक गिटारिस्ट बॉब वेस्टन आणि मिक फ्लीटवुडची पत्नी यांचे संबंध उघड झाले. वेस्टनला घरी पाठवलं गेलं आणि दौरा अर्धवट सोडून बँडही परतला. इथे मॅनेजर क्लिफर्ड डेव्हिस भडकला. पुढच्या तारखा ठरलेल्या होत्या, प्रमोटरांना शब्द दिलेला होता. नावाची मालकी आपली आहे, असं त्याचं म्हणणं होतं. मग त्याने काय करावं? जानेवारी १९७४ मध्ये त्याने वेगळेच वादक गोळा करून फ्लीटवुड मॅक म्हणून अमेरिकेला धाडून दिले. त्यात ना फ्लीटवुड होता, ना मॅक. या वादकांना सांगण्यात आलं होतं की मिक फ्लीटवुड स्वतः लवकरच येऊन मिळणार आहे. तो काही आला नाही. आपल्याला तसं काही विचारण्यातच आलं नव्हतं, असं त्याचं म्हणणं. त्या वादकांना ते कधी पटलं नाही.

लोक तिकीट काढून आले आणि मंचावर एकही ओळखीचा चेहरा दिसेना. आरडाओरडा झाला, पैसे परत मागितले गेले. खऱ्या बँडचा दौरा-व्यवस्थापक या फसव्या दौऱ्यावर एखाद दिवस राबला, प्रकार काय आहे ते त्याच्या ध्यानात आलं आणि त्याने खऱ्या बँडचं सामान लपवून ठेवलं. दौरा लवकरच गुंडाळला गेला.

पण खरी शिक्षा झाली ती खऱ्या बँडला. प्रकरण लंडनच्या कोर्टात गेलं आणि जवळजवळ वर्षभर त्यांना धड काम करता येईना. आपणच फ्लीटवुड मॅक आहोत, हे त्यांना स्वतःच्या रेकॉर्ड कंपनीला पटवून द्यावं लागलं. बिल ग्रॅहॅम या त्या वेळच्या वजनदार अमेरिकन प्रमोटरने कंपनीला पत्र लिहिलं की खरे हेच आहेत. स्वतःच्या ओळखीसाठी असा तिऱ्हाइताचा दाखला घेण्याची वेळ दुसऱ्या कोणत्या मोठ्या बँडवर आल्याचं मला आठवत नाही. मॅनेजरबरोबरचा दावा आणखी काही वर्षं रेंगाळला आणि शेवटी कोर्टाबाहेर मिटला.

या प्रकरणाची दोन शेपटं फार गमतीची आहेत. त्या फसव्या दौऱ्यातले वादक पुढे स्ट्रेच नावाचा बँड काढून बसले आणि १९७५ मध्ये ‘व्हाय डिड यू डू इट’ हे त्यांचं गाणं ब्रिटनमध्ये गाजलं. ते गाणं मिक फ्लीटवुडला उद्देशून आहे. दुसरं शेपूट जास्त मोठं. खटल्यामुळे कंपनीच्या दारातच राहून काम करायचं म्हणून खरा बँड १९७४ मध्ये लॉस एंजेलिसला मुक्काम हलवून गेला. तिथे स्टुडिओ शोधत असताना मिकला साउंड सिटीमध्ये एका जोडीचं रेकॉर्डिंग नमुना म्हणून ऐकवलं गेलं. ती जोडी लिंडसे बकिंगहॅम आणि स्टीव्ही निक्स यांची. दोघं १९७५ च्या तोंडावर बँडमध्ये आले. १९७७ चा ‘रूमर्स’ जगभरात चार कोटींवर प्रती खपलेला अल्बम. म्हणजे आज ज्याला लोक फ्लीटवुड मॅकचा वारसा म्हणतात, तो मुख्यतः अशा पाच जणांचा, ज्यांत बँड काढणारा पीटर ग्रीन नाही आणि सर्वांत गाजलेले दोन आवाज आठ वर्षांनी आलेले. ‘मूळ बँड’ हा शब्द छातीठोकपणे वापरणाऱ्यांनी हे उदाहरण जवळ ठेवावं.

डीप पर्पलचं प्रकरण याचाच आरसा, फक्त उलटा. इथे मूळ माणूसच तोतया ठरला. रॉड इव्हान्स हा या बँडचा पहिला गायक. १९६८ मध्ये अमेरिकेत गाजलेलं ‘हश’ त्याच्याच आवाजातलं. १९६९ मध्ये त्याच्या जागी इयन गिलन आला आणि ‘स्मोक ऑन द वॉटर’पर्यंतचा सगळा दिमाखदार काळ त्यानंतरचा. १९७६ मध्ये बँड बंद पडला. १९८० मध्ये इव्हान्स बाकी सगळे अनोळखी वादक घेऊन डीप पर्पल या नावाने मेक्सिको, अमेरिका आणि कॅनडात फिरू लागला. लाँग बीचच्या कार्यक्रमाआधी खऱ्या बँडच्या बाजूने वर्तमानपत्रात जाहिरात आली की अमुक अमुक वादक यात असणार नाहीत. लोक आले होते ‘स्मोक ऑन द वॉटर’ ऐकायला, आणि ते त्या माणसाने कधी रेकॉर्ड केलेलंच नव्हतं. ऑक्टोबर १९८० मध्ये कोर्टाने ६ लाख ७२ हजार डॉलरचा दंड ठोठावला, इव्हान्सची जुन्या अल्बमांची रॉयल्टीही गेली. त्यानंतर तो संगीताच्या जगातून जवळजवळ अदृश्य झाला. २०१६ मध्ये डीप पर्पलचा रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला, त्या यादीत त्याचं नाव होतं. तो आला नाही. पहिला गायक असणं आणि नावावर हक्क असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कोर्टाने अशा रीतीने सांगून टाकलं.

त्याच वर्षी, १९८० मध्ये, दोन मृत्यूंनी दोन वेगळे पायंडे पाडले. १९ फेब्रुवारीला एसी/डीसीचा गायक बॉन स्कॉट लंडनमध्ये अति मद्यपानाने गेला. २५ सप्टेंबरला लेड झेपलिनचा ड्रमर जॉन बोनम त्याच कारणाने जिमी पेजच्या घरी गेला. झेपलिनने डिसेंबरमध्ये छोटंसं निवेदन काढून कळवलं की मित्र गमावल्यावर आम्हाला पूर्वीसारखं चालू ठेवता येणार नाही. एसी/डीसीने ब्रायन जॉन्सन हा नवा गायक घेतला आणि स्कॉटच्या मृत्यूनंतर पाच महिन्यांतच, २५ जुलैला ‘बॅक इन ब्लॅक’ आणला. वेष्टन दुखवट्याचं, म्हणजे काळंकुट्ट. पहिलं गाणं सुरू होतं ते घंटेच्या टोल्यांनी. तो जगातल्या सर्वाधिक खपलेल्या अल्बमांपैकी एक आहे.

झेपलिनचा निर्णय जास्त उदात्त, असं सर्रास म्हटलं जातं. मला ते पुरतं पटत नाही. स्कॉटच्या जागी दुसरा माणूस उभा करताना एसी/डीसीने त्याची नक्कल करायला लावली नाही आणि त्याचं जाणं लपवलंही नाही; त्या घंटेत ते ऐकू येतं. निष्ठा दोन्हीकडे होती. फरक पडला तो गोष्ट सांगण्यात. थांबलेल्या बँडची गोष्ट पूर्ण होते, आणि पूर्ण झालेल्या गोष्टीचं मोल वाढत जातं. १० डिसेंबर २००७ रोजी झेपलिनचे उरलेले तिघे बोनमचा मुलगा जेसन याला ड्रम्सवर बसवून लंडनच्या ओटू अरेनामध्ये एका रात्रीपुरते एकत्र आले, तेव्हा त्या एका कार्यक्रमाच्या तिकिटांसाठी दोन कोटी अर्ज आल्याचं सांगितलं गेलं. पुढे दौरा करायला पेज तयार होता. गायक रॉबर्ट प्लांट नाही म्हणाला आणि गायिका ॲलिसन क्राउसबरोबर ब्लूग्रास या अमेरिकन लोकसंगीताच्या वळणाची गाणी गायला निघून गेला. तो ‘नाही’ ही क्लासिक रॉकमधली बहुधा सर्वांत महागडी नकारघंटा असेल.

द हू या इंग्लिश बँडचं काहीसं अधेमधे झालं. ड्रमर कीथ मून १९७८ मध्ये गेला, बँड चालू राहिला. बेसिस्ट जॉन एंटविसल २७ जून २००२ रोजी, दौरा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी लास वेगासच्या हॉटेलात गेला. चार दिवसांनी बँड दुसरा बेसिस्ट घेऊन लॉस एंजेलिसमध्ये मंचावर होता. त्यावर टीकाही खूप झाली. पण दौऱ्यावर शेकडो माणसांचं पोट असतं, हेही खरं.

लेनर्ड स्किनर्डकडे वळायला हवं, कारण तिथे नाव पुन्हा वापरणार नाही अशी शपथच घेतली गेली होती. मुळात हे नाव उसनं. जॅक्सनव्हिलमधल्या त्यांच्या शाळेत लेनर्ड स्किनर नावाचे व्यायामशिक्षक होते आणि मुलांनी केस वाढवले की ते कारवाई करत. त्यांची टर उडवण्यासाठी स्पेलिंग वेडंवाकडं करून बँडला तेच नाव दिलं गेलं. २० ऑक्टोबर १९७७ रोजी बँडचं भाड्याचं विमान मिसिसिपीच्या जंगलात कोसळलं. गायक आणि मुख्य गीतकार रॉनी व्हॅन झँट, गिटारिस्ट स्टीव्ह गेन्स, त्याची गायिका बहीण कॅसी यांच्यासह सहा जण गेले. नवा अल्बम तीनच दिवसांपूर्वी बाजारात आला होता आणि त्याच्या वेष्टनावर बँड ज्वाळांनी वेढलेला दाखवला होता. ते चित्र घाईघाईने बदलण्यात आलं. वाचलेल्यांनी ठरवलं की हे नाव पुन्हा वापरायचं नाही.

दहा वर्षं ते पाळलं गेलं. १९८७ मध्ये श्रद्धांजलीचा दौरा निघाला, गायक म्हणून रॉनीचा धाकटा भाऊ जॉनी उभा राहिला. त्या दौऱ्यात ‘फ्री बर्ड’ तो गात नसे. बँड नुसतं वाजवत असे आणि शब्द प्रेक्षक म्हणत. कार्यक्रमांना गर्दी झाली, नाव पुन्हा चलनात आलं, आणि रॉनीची विधवा कोर्टात गेली. १९८८ मध्ये तडजोड झाली. गेलेल्यांच्या कुटुंबांचा उत्पन्नात वाटा ठरला आणि अशी अट आली की या नावाने दौरा करायचा तर रॉसिंग्टन आणि अपघातापूर्वीचे आणखी दोन जण मंचावर हवेत. म्हणजे ‘किती मूळ माणसं असली म्हणजे बँड खरा’ या चाहत्यांच्या आवडत्या प्रश्नाला इथे एकदा चक्क आकड्यात उत्तर मिळालं होतं: तीन. काळाने ते टिकू दिलं नाही. २००९ मध्ये पियानोवादक बिली पॉवेल गेला आणि रॉसिंग्टन एकटा उरला. आता तोही नाही, आणि जॉनी व्हॅन झँट अजून गातो आहे. त्याला यायला आता साडेतीन दशकांहून जास्त काळ लोटलाय, आणि त्याचा भाऊ त्या बँडमध्ये इतकी वर्षं कधीच नव्हता.

पिंक फ्लॉइडमध्ये मृत्यू नव्हता, होता तो नुसता घटस्फोट. डिसेंबर १९८५ मध्ये रॉजर वॉटर्सने रेकॉर्ड कंपन्यांना पत्र लिहून बँड सोडला. ‘द वॉल’ या अल्बमसकट सत्तरच्या दशकातली बहुतेक गाणी त्याच्या शब्दांतली, त्यामुळे आपण गेलो की बँड संपला, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. गिटारिस्ट डेव्हिड गिलमोर आणि ड्रमर निक मेसन यांची नव्हती. ऑक्टोबर १९८६ मध्ये वॉटर्स लंडनच्या उच्च न्यायालयात गेला. हा बँड सर्जनशीलतेच्या दृष्टीने संपलेला आहे, तेव्हा नावच बंद करा, असा त्याचा दावा. पुढच्या वर्षी उरलेल्यांनी दौरा जाहीर केला, तर वॉटर्सने उत्तर अमेरिकेतल्या प्रमोटरांना नोटिसांचा धाक घातला. टोरांटोच्या एका प्रमोटरने तरीही तिकिटं विक्रीला काढली आणि काही तासांत ती संपली. दौऱ्याला पैसा उभा करायला मेसनने आपली १९६२ ची फेरारी जीटीओ तारण ठेवली. त्याच वर्षी वॉटर्स स्वतःचा वेगळा दौरा घेऊन फिरत होता. ज्याने शब्द लिहिले तो छोट्या सभागृहांत, आणि ज्यांच्याकडे नाव होतं ते स्टेडियममध्ये.

डिसेंबर १९८७ मध्ये टेम्स नदीवरच्या गिलमोरच्या ॲस्टोरिया या हाउसबोटीवर तडजोड झाली. नाव गिलमोर आणि मेसनकडे राहिलं. वॉटर्सला ‘द वॉल’चे हक्क मिळाले, आणि डुक्करही मिळालं. हे ते फुगवलेलं उडतं डुक्कर, जे १९७६ मध्ये लंडनच्या बॅटरसी वीजकेंद्रावर फोटोसाठी बांधलं असताना सुटून थेट केंटपर्यंत उडत गेलं होतं. गिलमोरच्या मंडळींनी मग आपल्या दौऱ्यातलं डुक्कर वॉटर्सच्या डुकराहून वेगळं दिसावं म्हणून त्याला वृषणं जोडली. मोठ्या माणसांची भांडणं शेवटी कुठे येऊन ठेपतात ते पाहा.

याच बँडमधलं रिक राइटचं प्रकरण कमी बोललं जातं. किबोर्डवादक राइटला वॉटर्सने ‘द वॉल’च्या वेळी बाहेर काढलं आणि १९८०-८१ च्या कार्यक्रमांत तो पगारी नोकर म्हणून वाजवत होता. ते कार्यक्रम इतके खर्चिक होते की भागीदार तोट्यात गेले. त्यातून पैसे कमावले ते एकट्या पगारदार राइटने. वॉटर्सने २०१३ मध्ये बीबीसीला सांगितलं की दावा लावण्यात आपण चुकलो होतो: नावाला बाजारात किंमत असते आणि एकाला वाटलं म्हणून ते पुसून टाकता येत नाही, हे त्याला वकिलांकडून शिकावं लागलं.

क्वीनने यावर एक चिन्ह शोधलं. १९७० मध्ये बँडला क्वीन हे नाव सुचवलं आणि पुढे मुकुट-सिंहांचं बोधचिन्ह काढलं ते फ्रेडी मर्क्युरीने, म्हणजे पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत पियानो बडवत ‘द हेक्टिक्स’ नावाचा पोरांचा बँड करणाऱ्या फारूख बलसाराने. २४ नोव्हेंबर १९९१ रोजी तो गेला. बेसिस्ट जॉन डीकनने १९९७ नंतर मंच आणि वर्तमानपत्रं दोन्ही सोडून दिली. उरलेल्या दोघांनी, ब्रायन मे आणि रॉजर टेलर यांनी, आधी पॉल रॉजर्स आणि मग ॲडम लँबर्टबरोबर दौरे केले, पण नाव लिहिताना मध्ये अधिकचं चिन्ह ठेवलं: क्वीन + ॲडम लँबर्ट. नवा गायक आहे, पण तो क्वीनमध्ये नाही. मला हा तोडगा सगळ्यांत सभ्य वाटतो. ग्रेटफुल डेड या अमेरिकन बँडने वेगळी वाट घेतली. १९९५ मध्ये गायक-गिटारिस्ट जेरी गार्सिया गेल्यावर नावच खुंटीला टांगलं आणि मग तीच माणसं द अदर वन्स, द डेड, डेड अँड कंपनी अशा नावांनी फिरत राहिली. चाहत्यांना सगळं कळत होतं, त्यांनी काही मनावर घेतलं नाही.

आता या खेळात नवे मालक आलेत. किस या अमेरिकन बँडने फार पूर्वी चेहऱ्यावरच्या रंगांचेच ट्रेडमार्क करून ठेवले होते, त्यामुळे एस फ्रेली आणि पीटर क्रिस बँड सोडून गेल्यावर दुसरेच दोघे त्यांचे रंग फासून उभे राहू शकले. २ डिसेंबर २०२३ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये शेवटचा कार्यक्रम संपताच पडद्यावर चौघांचे डिजिटल अवतार अवतरले. २०२४ मध्ये गाणी, नाव आणि रंगवलेले चेहरे असं सगळं पॉपहाउस या स्वीडिश कंपनीला विकलं गेलं. बातम्यांत आकडा ३० कोटी डॉलरहून जास्त असल्याचं आलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये पिंक फ्लॉइडची रेकॉर्डिंग सोनीने घेतली, सुमारे ४० कोटी डॉलरला असं सांगतात, आणि त्या व्यवहारात बँडचं नाव आणि प्रतिमाही होती. ज्या नावासाठी फेरारी तारण पडली, ते आता एका कंपनीच्या ताळेबंदात आहे. क्वीनच्या बाबतीत मात्र गाण्यांचा सौदा झाला तरी प्रत्यक्ष कार्यक्रमांचं उत्पन्न मे आणि टेलर यांनी स्वतःकडे ठेवल्याचं वृत्त होतं.

नावाच्या पलीकडे जाऊन माणसाच्या आवाजावरच दावा ठोकला गेला, असंही एक प्रकरण आहे. कॅलिफोर्नियातल्या क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हलने एकट्या १९६९ मध्ये तीन अल्बम काढले होते. गाणी लिहिणारा, गाणारा, मुख्य गिटार वाजवणारा माणूस एकच, जॉन फोगर्टी. १९७२ मध्ये बँड फुटला. फँटसी रेकॉर्ड्सच्या जाचक करारातून सुटण्यासाठी त्याने आपल्या जुन्या गाण्यांवरचे हक्क सोडून दिले आणि नंतर कित्येक वर्षं ती गाणी मंचावर गायलीच नाहीत. गायली असती तर पैसे कंपनीच्या मालकाला गेले असते. १९८५ मध्ये त्याचं ‘दी ओल्ड मॅन डाउन द रोड’ गाजलं तेव्हा फँटसीने दावा लावला की हे गाणं १९७० च्या ‘रन थ्रू द जंगल’ची नक्कल आहे. ते जुनं गाणंही फोगर्टीनेच लिहिलेलं होतं. स्वतःसारखं गायल्याबद्दल माणूस आरोपी झाला.

१९८८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ज्युरीपुढे फोगर्टी गिटार घेऊन साक्षीदाराच्या पिंजऱ्यात बसला. दोन्ही गाणी वाजवून दाखवली, एकाच माणसाच्या हाताला एकच वळण असतं आणि तरी गाणी वेगळी कशी होतात ते समजावलं. ज्युरीने त्याच्या बाजूने कौल दिला. मग वकिलांच्या फीचा प्रश्न थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९९४ मध्ये त्या न्यायालयाने ठरवलं की स्वामित्वहक्काच्या खटल्यात जिंकलेल्या प्रतिवादीला फी देताना वादीहून वेगळा निकष लावता येणार नाही. कायद्याच्या विद्यार्थ्यांना आजही हा निकाल अभ्यासाला असतो. एवढं झाल्यावर बँडमधल्याच दोन जुन्या साथीदारांनी १९९५ मध्ये क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हिजिटेड या नावाने दौरे सुरू केले, आणि फोगर्टी पुन्हा कोर्टात गेला. त्या वेळी नाव अडवण्यात त्याला कायमचं यश आलं नाही.

जानेवारी २०२३ मध्ये, पन्नासएक वर्षांनी, आपल्या गाण्यांच्या प्रकाशनहक्कांचा मोठा वाटा त्याने परत मिळवला. म्हणजे शब्द आणि चाल त्याची झाली. १९६९ मध्ये टेपवर उतरलेला त्याचा स्वतःचा आवाज मात्र अजून दुसऱ्यांच्या मालकीचा आहे. म्हणून ऐंशीव्या वर्षी त्याने मुलांना सोबत घेऊन ती जुनी गाणी एकेक करून नव्याने रेकॉर्ड केली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांचा अल्बम आणला. गाण्यांच्या नावांपुढे ‘जॉन्स व्हर्जन’ अशी पुस्ती आहे, आणि अल्बमचं नाव ठेवलंय ‘लेगसी’.